परातीच्या बुडावरचं पाताळ

कार्तिक निम्मा सरला की करडीच्या रस्त्यावर माझी स्कूटी आणि बैलगाडी यांचा वेग सारखाच होतो. समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही. धुकं वैनगंगेवरून उठतं, बांध्यांवर पसरतं, आणि कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या कडपा त्यात अर्ध्या बुडालेल्या असतात. पुढे कुणीतरी चालत असतं. आधी पाठ दिसते, मग डोकं नाहीसं होतं, मग नुसते पाय उरतात. मी हॉर्न वाजवत त्या जागी पोचते तर तिथे कुणीच नसतं. बांधावरून खाली उतरून गेलेलं असतं बिचारं. माणसंच ती, आपापल्या पुंजण्याकडे, धानाच्या ढिगाकडे निघालेली. तरी दरवर्षी या दिवसांत माझ्या अंगावर काटा येतो, आणि आपण घाबरट नाही हे शाळेत पोचेपर्यंत मला स्वतःला बजावावं लागतं.

शाळेत मी चित्रकला शिकवते. आमचा हा भाग कसा सपाट, तरी निसर्गचित्र काढा म्हटलं की झाडून सगळी पोरं दोन डोंगर काढून मोकळी होतात. मागच्या आठवड्यात मी दम दिला. डोंगर काढाल तर याद राखा, आज सकाळी येताना जे दिसलं तेवढंच काढायचं. एका पोरीने कोरा कागद आणून दिला. कोपऱ्यात नाव, बाकी काही नाही. "म्याडम, धुकं होतं ना," असं तिचं म्हणणं. मी तिला दहापैकी दहा दिले आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे खुलासा मागितला. त्यांना काय सांगणार? तो कागद हातात घेतल्यावर क्षणभर मला वाटलं होतं, आता यात काहीतरी वर येईल. तांब्याच्या पत्र्यावरून ज्यांनी कधी छाप काढलाय, त्यांना कोऱ्या कागदाची ही भीती ठाऊक असते.

त्या कामाची रीत थोडक्यात सांगते. लाकडी ठशात वर राहिलेल्या भागाला शाई लागते. तांब्याच्या पत्र्यात उलटं. रेघ खाली खोल कोरायची, शाई सगळीकडे चोपडायची, मग खळ दिलेल्या जाळीदार कापडाने आणि शेवटी नुसत्या तळव्याने पुसून काढायची. वरचं सगळं स्वच्छ होतं आणि शाई फक्त खड्ड्यात राहते. त्यावर ओलसर कागद, कागदावर जाड लोकरी थर, आणि सगळं मिळून दोन लोखंडी रुळांमधून दाबून काढायचं. कागद त्या खड्ड्यांत उतरतो आणि तिथे जे काही असेल ते वर घेऊन येतो. येताना डाव्याचं उजवं करून आणतो. नीट पुसलं नाही तर शाईचा पातळ पापुद्रा पत्र्यावर राहतो आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरतं. काही जण तो मुद्दाम ठेवतात. मीही एकदा ठेवला होता, आणि करडीच्या रस्त्यावरचं धुकं दरवर्षी मला तिथेच नेऊन सोडतं.

नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला होते. ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं, युरोपातल्या जुन्या तांब्याच्या पत्र्यांवरून काढलेल्या छापांचं. काही शतकांपूर्वी तिकडचे कारागीर ग्रीक आणि रोमन पुराणं तांब्यावर कोरत बसले होते. एक पोरगी पळता पळता झाड होते आहे, बोटांची पानं झालीत, तोंड अजून उघडंच आहे. एका शिकाऱ्याचं हरीण झालंय आणि त्याचीच कुत्री त्याला फाडताहेत. त्याला त्यांची नावं ठाऊक आहेत, पण हाक मारायला माणसाची जीभ उरलेली नाही. रंगाचा ठिपका नाही, नुसत्या रेघा. पान डोळ्यांजवळ नेलं की रेघा दिसायच्या, लांब धरलं की मांस दिसायचं. ते पुस्तक मी दिवसाउजेडी, खिडकीशी बसून पाहायची आणि पाहून झालं की पालथं ठेवायची. त्या देवांच्या चेहऱ्यावर दयामाया नावाला नव्हती, आणि कोरणाऱ्याने ती घालायचा प्रयत्नही केला नव्हता.

परीक्षेसाठी त्यातली एक कथा निवडून स्वतःचा पत्रा करायचा होता. मी निवडली ती एका वाजवणाऱ्याची. त्याची बायको साप चावून मरते. हा आपलं वाद्य घेऊन तिच्यामागे पाताळात उतरतो आणि असं वाजवतो की तिथला राजाही विरघळतो. ने तुझ्या बायकोला, म्हणतो, ती तुझ्या मागून चालत येईल. पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. अगदी दारापाशी येऊन हा वळतो, आणि ती परत खाली जाते. पुस्तकातल्या चित्रात तो नेमका वळलेला आहे आणि ती धुरात मागे मागे सरकते आहे. तिचा एक हात पुढे, पदर वाऱ्यावर, आणि चेहऱ्याच्या जागी भोक. कसरीने नेमका तिचा चेहरा खाल्ला होता. मी सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "बरं झालं. चेहरा तुझा तू घाल."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. घर म्हणजे पुनर्वसनातल्या वसाहतीतलं, पवनीच्या अलीकडचं. आमचं खरं गाव गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलं. वसाहतीपासून थोडं चाललं की धरणाचं फुगलेलं पाणी लागतं आणि त्यात वाळलेली झाडं उभी दिसतात. कार्तिकातल्या सकाळी म्हातारी माणसं तिथे काठावर जाऊन बसायची, पाण्याकडे तोंड करून. बोलणं ऐकलं तर वाटावं, गावातच बसलीत. "तो पिंपळ दिसते ना, त्याच्या उजव्या बाजूले आपलं दार हाये." होतं नाही, हाये. पाताळ या माणसांसाठी, माझ्या बाबांसाठीही, गोष्ट नव्हती, पत्ता होता. धुकं दाट असलं की पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे लागतो ते कळायचं नाही, आणि त्या पाठमोऱ्या म्हाताऱ्यांना हाक मारायचं धाडस मला व्हायचं नाही.

बाबा भंडाऱ्याच्या बाजारात भांड्यांवर नावं कोरायचे. छोटी छिन्नी, हलकी हातोडी, टकटकटकटक, आणि अर्ध्या मिनिटात पाण्याच्या गुंडावर कुणाच्या तरी मामाचं नाव उमटायचं. पुढे विजेवर चालणाऱ्या पेना आल्या, पण बाबांनी छिन्नी सोडली नाही. त्यांची अक्षरं रेघेची नव्हती, बारीक बारीक टिंबांची होती. दुसरंही एक काम त्यांच्याकडे असायचं. मोडीत आलेल्या जुन्या भांड्यांवरची नावं घासून काढायची, म्हणजे भांडं पुन्हा विकता येतं. "अशी घासतो का ज्याचं त्याले ओळखू येत नाई," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

माझी आई शेवंता. मी चार वर्षांची असताना तापाने गेली, जुन्या गावात. मला तिचा चेहरा आठवत नाही. लग्नाचा एकच फोटो होता. त्यात तिने मान इतकी खाली घातली होती की भांग तेवढा दिसायचा. गाव उठलं तेव्हा ट्रंकेत पाणी शिरून तोही काचेला चिकटला आणि काच वेगळी करताना निघून गेला. मग उरली माणसांची तोंडं. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. तिला विचारलं तर एका दिवशी आई गोरी असायची आणि दुसऱ्या दिवशी सावळी. शेजारणी म्हणायच्या, सोन्यासारखी होती. सोन्याला काय नाक-डोळे असतात? बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "चांगली होती," आणि उठून बाहेर जायचे. तो चेहरा आता जगात एकाच ठिकाणी होता, बाबांच्या डोक्यात, आणि ते पन्नाशी उलटलेले. मला तो बघायचा होता. या एका गोष्टीसाठी मी लहानपणापासून चिडत, रडत आणि मनातल्या मनात बाबांशी भांडत आले होते.

ओसरीवर बसून मी बाबांना त्या वाजवणाऱ्याची गोष्ट सांगितली. ग्रीक नावं त्यांनी पहिल्या झटक्यात नाकारली. "तो बाजावाला, न ते त्याची बायको. पुढं सांग."

अटीपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "मांगं पाहाचं नाई? काहून?"

"तशी अटच होती, बाबा."

"अट समजली. कारण का होतं?"

"कारण नाही सांगितलं. देव होते ते."

"असल्याच देवायले माह्या बापानं सोडलं," बाबा म्हणाले. "कारण विचारलं का अट सांगत." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे त्यांनी साक्षीदाराकडे बघावं तसं बघितलं. आमच्याकडे आत्मा, भूत, पुनर्जन्म यांतलं काही चालत नाही. आत्या कधी अंधाराला घाबरली तर बाबा तिची जाम टिंगल करायचे. "मंग? पाहिलं का त्यानं?"

"पाहिलं. अगदी दारात."

"ते होती का मांगं, खरंच?"

"होती ना. तेवढ्यात परत गेली."

बाहेर कुणीतरी मळणी यंत्र सुरू करत होतं आणि ते पुन्हा पुन्हा बंद पडत होतं. "मंग त्याले दिसली तं," बाबा म्हणाले. "एक डाव तं दिसली."

मी विचारून टाकलं. "बाबा, माय कशी दिसे?"

या वेळी ते उठून गेले नाहीत. "सांगता येत नाई मले," ते म्हणाले. "कोरून पाहतो."

मी कॉलेजातून आणलेला पत्रा त्यांनी नखाने दाबला आणि बाजूला सारला. हा पत्रा नाही, कागद आहे म्हणाले. खाटेखालून त्यांनी तांब्याची परात ओढून काढली. आईची परात. पहिल्या कमाईतून बाबांनी तिच्यासाठी घेतलेली. काठावर नाव सगळेच कोरतात; बाबांनी लाजून बुडावर कोरलं होतं, म्हणजे घरात कुणाला दिसू नये. आत्या सांगायची की आई परात घासून झाली की भिंतीला अशी टेकवून ठेवायची की बूड बाहेर येईल आणि येणाराजाणारा पहिलं तिचंच नाव वाचेल. शेवंता, आणि खाली एक फूल.

परातीच्या आतल्या बाजूला कल्हई होती आणि पोचे होते. कोरायला बूडच बरं होतं. नाव सोडून पत्रा कापू, मी म्हटलं. बाबा म्हणाले, तसा कापला तर हातभरही उरणार नाही. "नाव ठेवून का करतं? माणूस तं नाई." मला ते बोलणं लागलं. दोन सकाळी ते दगड, तेल आणि कोळसा घेऊन घासत होते. शेवटी त्यांनी पत्रा उजेडात धरून माझ्याकडे दिला. मी बोट फिरवलं, नख फिरवलं, गालसुद्धा लावून पाहिला. काही नव्हतं. नुसतं तांबं, आणि त्यात माझा लालसर, वितळल्यासारखा चेहरा.

मग तो महिना सुरू झाला. सुट्टी संपली तरी मी घरीच राहिले. गुहा, धूर, पाताळाच्या दारावरचा तीन तोंडांचा कुत्रा, वळलेला बाजावाला हे सगळं मी कॉलेजच्या धारदार कोरणीने कोरलं. मेलेल्या माणसांची गर्दी कोरताना हात दुखून यायचा. पुस्तकातल्या गर्दीत सगळे नागडे आणि पीळदार होते, माझ्या गर्दीतले हळूहळू धोतर नेसलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले होत गेले आणि पाण्याकडे तोंड करून बसले. मी तसं ठरवलं नव्हतं. बाईच्या चेहऱ्याची जागा तेवढी मी कोरी ठेवली, अंगठ्याएवढी.

ती बाबांनी घेतली. रोज सकाळी, बाजाराची बस येण्याआधी, ते अंगणात माझ्याकडे पाठ करून बसायचे. धुक्यात त्यांची पाठ तेवढी दिसायची आणि टक, टक, टक ऐकू यायचं. भांड्यावर चालायची तशी हातोडी सरसर चालत नव्हती. एक टिंब, मग मोठी शांतता. त्या शांततेत पाण्याच्या बाजूने तोच आवाज परत यायचा, थोडा उशिरा, थोडा खालून, जणू तिकडे कुणी त्यांच्या मागोमाग तेच कोरत बसलंय. वसाहतीतली कुत्री तिकडे तोंड करून भुंकायची. आत्या दार लावून घ्यायची. मी पुढे जाऊन पाहिलं तर बाबा पत्रा पालथा घालायचे. "आता नाई. सरकून जाते ते." कोण सरकून जातं हे मी विचारलं नाही. एकदा मात्र ते मला समोर बसवून म्हणाले, "जरा इकडे पाहजो," आणि बघत राहिले. मला वाटलं, आईचं काहीतरी माझ्यात शोधताहेत.

पत्रा माझ्या हाती द्यायला ते तयार नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून, पत्रा जुन्या लुगड्यात गुंडाळून तेच माझ्याबरोबर नागपूरला आले. तयार पत्र्यावरही तांब्याच्या चकाकीत मला चेहरा धड दिसला नव्हता. टिंबं होती, आणि ती हलल्यासारखी वाटायची. मी शाई लावली, पुसली, आणि पाताळ आहे म्हणून थोडं धुकं मुद्दाम राहू दिलं. यंत्राचं चाक बाबांनी फिरवलं. सर बाजूला उभे होते. मी कागद दोन कोपऱ्यांनी धरला आणि हळूहळू उचलला. ओला कागद तांब्यावरून सुटताना एक बारीक आवाज होतो, ओठ सुटल्यासारखा.

आधी काळोख आला. मग कुत्रा, मग बाजावाल्याचा वळलेला खांदा. त्या बाईच्या पायांखाली, जिथे मी काहीच कोरलं नव्हतं, तिथे करड्या रंगात काहीतरी होतं. सर म्हणाले, "हे काय केलंस? छान पोत आलाय." मी वाकून पाहिलं. अक्षरं होती, डोकं खाली आणि डावं-उजवंही उलटं. शेवंता, आणि तिच्यावर एक फूल.

बाबांनी चष्मा लावला. उलटं असलं तरी ते त्यांचंच अक्षर होतं. ते हात मागे बांधून उभे राहिले, जसं काही आपण हात लावला तर बिघडेल. "घासणं कमी पडलं," ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. सगळ्या आयुष्यात त्यांनी घासलेलं एकही नाव परत आलं नव्हतं. कारण त्या भांड्यांना पुन्हा कुणी शाई लावून विचारलं नव्हतं. डोळ्याला न दिसणारा, नखाला न लागणारा खोलगटपणा शाईला सापडतो, सर समजावून सांगत होते. बाबा मान हलवत होते. घाम मात्र त्यांच्या कपाळावर होता.

आणि मग मी चेहरा पाहिला.

अंबाडा आईच्या काळचा होता. नाकात खडा, डोक्यावर पदर. पण चेहरा मी रोज सकाळी आरशात बघते तो होता, अगदी तसाच, त्याच बाजूला भुवई जराशी उचललेली. बाबांनी समोरून पाहून जसा दिसला तसा कोरला आणि कागदाने त्याची बाजू पालटली. माझा चेहरा असा पालटलेला जगात फक्त मलाच दिसतो, आरशात. मला वाटलं, असेल, लेक आईसारखी असते. मग हनुवटीवर नजर गेली. उजव्या बाजूला सहा-सात टिंबांची तिरकी ओळ. बोरिंगच्या दांड्यावर पडून मला झालेली जखम. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई जाऊन पाच वर्षं झाली होती.

मी धुरात मागे मागे सरकत होते. एक हात पुढे केलेला, पायाखाली मेलेल्या आईचं नाव. सरांची खोली भर दुपारची, खिडक्या उघड्या, बाहेर पोरं हसत होती, आणि मी स्वतःची हनुवटी चाचपत होते. वयही माझं नव्हतं. बाबांनी मला सात-आठ वर्षांनी मोठं केलं होतं.

बाबा कितीतरी वेळ कागदाकडे बघत होते. मी त्यांच्या तोंडाकडे. शेवटी ते म्हणाले, "हेच. अस्सीच होती."

त्यांना तसं खरंच वाटत होतं, की हात शोधत गेला आणि त्याला ठाऊक असलेल्या एकाच चेहऱ्यावर जाऊन थांबला हे कळूनही ते माझ्यासाठी म्हणाले, हे मी विचारू शकले असते. नाही विचारलं. विचारलं असतं तर दोघांपैकी एकाला काहीतरी कायमचं गमवावं लागलं असतं. घरी येऊन मी छाप आत्याला दाखवला. तिला तेव्हा मोतीबिंदू होता. हात लांब करून ती म्हणाली, "अगदी शेवंता गं बाई," आणि कागद तिने उलटा धरला होता. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडले. आत्याला वाटलं, आई भेटल्याच्या आनंदाने.

ठरलेले आठ छाप काढून झाले की पत्रा रद्द करायचा असतो. टोकदार सळईने आडवी रेघ ओढायची, म्हणजे पुन्हा कुणी छाप काढू नये. सरांनी सळई दिली. मी टोक त्या बाईच्या गालावर ठेवलं आणि माझ्याच गालाला मुंग्या आल्या. नाही जमलं. सर म्हणाले, भावनिक होऊ नकोस, आणि त्यांनी गुण कापले. पत्रा मी परत आणला.

एक छाप बाबांनी भिंतीवर लावला, आरशाच्या शेजारी. मी वेणी घालायला उभी राहिले की एकीकडे मी आणि एकीकडे ती. सुरुवातीला आमच्यात वयाचं अंतर होतं. पुढे दर कार्तिकात ते कमी झालेलं दिसायचं. आधी माझ्या डोळ्यांखाली तिच्यासारखी ओढ आली, मग ओठांच्या कोपऱ्यांची. पत्रा दर छापाला झिजतो असं शिकवतात. मला तर भिंतीवरचा कागद आपल्याकडे ओढतो आहे असं वाटायचं. तिशी ओलांडली तेव्हा एका सकाळी दोन्हीकडे एकच बाई होती. मी तो कागद उतरवून पेटीत ठेवला.

आता आत्या नाही. बाबा माझ्याजवळ भंडाऱ्यात राहतात. गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं वाढलंय. आधी बाजारातल्या दुकानांची नावं गेली, मग माणसांची. अक्षरं उमटवण्यात जन्म गेलेला माणूस हातात पेन घेतो आणि माझ्याकडे बघतो. डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, ते ज्या काळात असतील त्या काळात राहू द्या. ते बहुतेक जुन्या गावात असतात. या कार्तिकात त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातलं पातेलं पडलं माझ्या. "बाबा, मी मित्रा, तुमची लेक," मी दर वेळी सांगते. ते भिडस्त पाहुण्यासारखे हसतात. खरं सांगायचं तर मला राग येतो. ज्या बाईचा चेहरा मला कधी मिळाला नाही, तिच्या जागी मला बसवून हा माणूस मलाच विसरतो आहे.

परवा सकाळी धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं. मी शाळेला निघाले होते, थंडीसाठी डोक्यावरून ओढणी घेतलेली. बाबा खाटेवर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "शेवंता, इकडे ये."

या वेळी मी दुरुस्ती केली नाही. उशीर होत होता आणि दमही नव्हता. जाऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझी हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीकडे वळवला, बाजारात भांडं उजेडाकडे फिरवून बघायचे तसा. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तीळ कुठी गेला?"

"कोणता तीळ?"

"ओठावरचा. कायले काढला?"

मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आत्याने नाही, शेजारणींनी नाही, बाबांनी इतक्या वर्षांत एकदाही नाही. पत्र्यावरही तो नव्हता. मी विचारलं, "कोणत्या बाजूले होता?"

"तुह्या तोंडावरचा तीळ, न तुलेच माईत नाई?" बाबा वैतागले. मग त्यांनी बोट उचललं. छिन्नी धरून धरून घट्टे पडलेलं बोट. ते हवेत क्षणभर थांबलं, माझ्या तोंडाजवळ आलं आणि वरच्या ओठावर, डावीकडे, नाकपुडीच्या जरा खाली टेकलं.

"इथी," ते म्हणाले.

शाळेची वेळ होऊन गेली. बोट तिथून हलू नये म्हणून मी श्वास धरून तशीच बसून राहिले.